दोन खाटांमधलं अंतर

कल्चरचा रिपोर्ट म्हणजे एक साधा कागद. डाव्या बाजूला औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर. 'एस' असेल तर जंतू त्या औषधाला दाद देतो, 'आर' असेल तर देत नाही. मी शिकत होतो तेव्हा या कागदावर तीन-चार 'आर' दिसले की सर सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून तो दाखवत. आज अतिदक्षता विभागातून येणाऱ्या रिपोर्टवर अनेकदा वरपासून खालपर्यंत 'आर'चीच रांग असते. तळाशी कोलिस्टिन उरतं. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून डॉक्टरांनी एके काळी बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध शेवटचा आधार म्हणून पुन्हा कपाटातून काढावं लागलं आहे.

हा कागद एक गोष्ट मात्र सांगत नाही. जंतू या पेशंटकडे आला कुठून? पाथर्डीकडचा एखादा तरुण मोटारसायकलवरून पडतो, मांडीचं हाड मोडतं. धडधाकट माणूस. भरती होताना त्याच्या अंगावर हा जंतू नव्हता. आठव्या दिवशी टाक्यांतून पू येतो आणि त्यात क्लेबसिएला किंवा असिनेटोबॅक्टर सापडतो. तो शेजारच्या खाटेवरून आलेला असतो. कुणाच्या तरी हातांवरून, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून, बीपी मोजायच्या पट्ट्यावरून. दोन खाटांमध्ये निदान एक मीटर अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातले बहुतेक जंतू तेवढं अंतर आपणहून ओलांडत नाहीत. आपण त्यांना नेतो. त्या एक मीटरमध्ये काय घडतं आणि ते कसं थांबवायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

मला हा विषय पुस्तकातून कळला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करत होतो, तिथे नवजात बाळांच्या कक्षात तीन आठवड्यांत चार बाळांच्या रक्तात एकच जंतू निघाला. आम्ही काचेच्या पेट्या धुतल्या, पडदे काढले, औषध बदललं, मग आणखी वरचं औषध लावलं. काही फरक पडेना. शेवटी एका सकाळी मी खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसलो आणि नुसता बघत राहिलो. सिस्टरच्या टेबलावर अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली होती. तिच्या रबरी बुचात एक सुई खुपसून ठेवलेली होती. कुणाच्या शिरेतलं इंट्राकॅथ मोकळं करायचं असो, पावडरचं इंजेक्शन विरघळवायचं असो, त्याच सुईतून दोन-दोन मिली ओढलं जात होतं. सकाळपासून रात्रपाळीपर्यंत, सगळ्या बाळांसाठी. कामचुकार कुणीच नव्हतं. त्या सिस्टर एकट्या चौदा बाळं सांभाळत होत्या आणि सगळे जसं शिकले होते तसंच त्या करत होत्या. मी स्वतः ती बाटली महिनोन् महिने रोज पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाळाला वेगळी छोटी अँप्यूल वापरायला लागलो आणि नव्या केस थांबल्या. आधीच्या चारपैकी दोन बाळं मात्र वाचली नाहीत.

हातांचं महत्त्व माणसाला पहिल्यांदा पुराव्यानिशी कळलं ते 1847 साली, व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात. तिथे दोन प्रसूतिकक्ष होते. जिथे सुईणी शिकत तिथे बाळंतज्वराने कमी बायका दगावत. जिथे डॉक्टरकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट यायचे तिथे जास्त. इग्नाझ सेमेलवाइसने विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनपर्यंत दोनच्या आसपास आलं. तरीही त्याच्या काळातल्या थोर डॉक्टरांनी ते मानलं नाही, कारण मानायचं तर आपल्याच हातांनी या बायका मेल्या हे कबूल करावं लागत होतं. ही अडचण अजून संपलेली नाही. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हवा, उजेड, नळ आणि गटार हेही उपचारच आहेत हे दाखवून दिलं आणि जोसेफ लिस्टरने 1867 मध्ये कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रियेच्या जखमा सडण्यापासून वाचवल्या.

मग पेनिसिलिन आलं आणि हे सगळं काहीसं मागे पडलं. आपल्याकडे पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि दुसऱ्याच वर्षी देशी पेनिसिलिन बाजारात आलं, तेव्हा महाराष्ट्राला वाटलेला अभिमान रास्तच होता. पण त्याआधी, 1945 मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारताना खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंगने बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला सरावतील. तसंच झालं. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकससाठी मेथिसिलिन काढलं, तर 1961 मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले. दर वेळी नवं औषध येत गेलं म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. आता नवी औषधं येण्याचा वेग मंदावला आहे.

भारताच्या वाट्याला या इतिहासातलं एक जड पान आलं. 2009 मध्ये एनडीएम-1 या नावाच्या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला; दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं होतं. नावात नवी दिल्ली घातल्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. पण मार्च 2010 मध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपली तपासणी छापली होती: कार्बापेनेम या बड्या औषधांना न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये हे जनुक निघालं. आपल्याच माणसांनी आपल्याच वॉर्डातलं खरं सांगितलं, आणि माझ्या मते या विषयात महाराष्ट्राने अभिमान धरावा तो या प्रामाणिकपणाचा. या जनुकाचा खरा धोका असा की ते एका जंतूपाशी थांबत नाही. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावं तसं एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ते देऊ शकतो. म्हणून एका पेशंटच्या आतड्यातला निरुपद्रवी वाटणारा जंतूही उद्या शेजारच्या खाटेवर घातक ठरतो.

यानंतर सरकारी पातळीवर हालचाल झाली. शेड्यूल एच-1 मार्च 2014 पासून लागू झालं आणि काही बडी अँटिबायोटिक्स विकताना औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवणं सक्तीचं झालं. 2015 मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी 'कायाकल्प' योजना आली. 2017 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा ठरला, 2019 मध्ये जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला बंदी झाली आणि 2020 च्या जानेवारीत रुग्णालयांतल्या संसर्ग नियंत्रणासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. कागद चांगले आहेत. ते तालुक्याच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात पोचले का, हा प्रश्न वेगळा.

या विषयात जगभर निरनिराळी घराणी आहेत आणि नव्या वाचकाला ती माहीत असलेली बरी. एक घराणं मोजणाऱ्यांचं. अमेरिकेत 1970 च्या दशकात शेकडो रुग्णालयांचा अभ्यास झाला. जिथे संसर्गाची पद्धतशीर मोजदाद आणि त्यासाठी नेमलेली माणसं होती, तिथे सुमारे एक तृतीयांश संसर्ग टळू शकत होते. दुसरं घराणं शोधून वेगळं काढणाऱ्यांचं. नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयातून आलेल्या पेशंटला तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. तिसरं घराणं सगळ्यांसाठी सारखी शिस्त पाळणाऱ्यांचं. जंतू कुणाकडे आहे हे माहीत नसतं असं धरून प्रत्येक पेशंटपाशी तीच काळजी घ्यायची. जिनिव्हात दिदिए पिते यांच्या गटाने खाटेशेजारीच अल्कोहोलचं द्रावण ठेवलं आणि सतत पाठपुरावा केला. 1994 ते 1997 या काळात हातांची स्वच्छता पाळण्याचं प्रमाण 48 वरून 66 टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात होणारे संसर्ग 1998 पर्यंत 16.9 वरून 9.9 टक्क्यांवर आले. याच विचाराची पुढची शाखा म्हणजे मिशिगनचा प्रयोग. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना फक्त पाच साध्या गोष्टी न चुकता करायच्या आणि एखादी राहिली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं. शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत रक्तातले संसर्ग इतके घटले की निम्म्याहून जास्त ठिकाणी तिमाहीत एकही झाला नाही. शेवटचं घराणं औषध जपून वापरणाऱ्यांचं: कल्चरशिवाय बडं औषध सुरू करायचं नाही, सुरू केलं तर तिसऱ्या दिवशी गरज पुन्हा तपासायची.

आपल्या नगर जिल्ह्यापुरतं माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक पेशंटची तपासणी करून वेगळी खोली देणं आपल्याला जमणार नाही. तेवढ्या खोल्याच नाहीत. आपला मार्ग तिसऱ्या घराण्याचा, आणि त्यातही नर्सने डॉक्टरला थांबवण्याचा. सगळ्यात अवघड तेच आहे. राऊंडवर मोठे सर हात न चोळता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे वळतात तेव्हा शेजारी उभ्या सिस्टरला दिसत असतं, पण ती बोलत नाही.

इथे मला आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या हजारांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक जणी दलित समाजातल्या होत्या. हात धुणं, नाळ कापायला नवं पातं, बांधायला उकळलेला दोरा, एवढ्याशा गोष्टी त्या शिकल्या आणि घरोघर शिकवल्या. 1990 च्या दशकाअखेर तो आकडा तिशीच्या आत आला. जगभरचे आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकायला येतात ते यासाठी. जामखेडचं मोठेपण मला त्या दोऱ्या-पात्याहूनही एका गोष्टीत वाटतं. उतरंडीत सगळ्यात खाली मानलेल्या बाईला ज्ञान दिलं आणि तिचा शब्द डॉक्टरांनी मानला. आमच्या वॉर्डांत फरशी पुसणाऱ्या मावशींकडे असा शब्द आहे का? खाटेचा कठडा, लॉकर, नळाची तोटी ही सगळी त्यांच्या ताब्यातली ठिकाणं. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतो. तरी हायपोक्लोराइट किती पाण्यात किती घालायचं आणि एकाच फडक्याने दोन खाटा का पुसायच्या नाहीत, हे त्यांना नीट बसवून कुणी सांगत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकलं. गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. स्वस्त, साधं औषध वेळेवर मिळालं म्हणून ही बाळं जगली. असं साधं औषध रुग्णालयातल्या जंतूंवर चालेनासं झालं, तर सगळ्यात आधी गरिबाचं बाळ हातचं जातं, म्हणून हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा आहे.

अहिल्यानगर, म्हणजे अजून आपल्या तोंडी बसलेलं नगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. 14 तालुके, अकोल्याचे डोंगर एका टोकाला, जामखेड दुसऱ्या टोकाला. पेशंट सहसा एका दवाखान्यात बरा होत नाही. गावातल्या डॉक्टरकडे दोन इंजेक्शनं, तालुक्याला तीन दिवस सलाईन, नगरला आयसीयू, आणि तिथून पुण्याला ससूनला किंवा संभाजीनगरला घाटीत. प्रत्येक मुक्कामी नवं अँटिबायोटिक, नवी सुई, नवी खाट. सोबतच्या कागदांत एक्स-रे असतो, बिलं असतात. आधी कोणती औषधं झाली आणि कोणता जंतू निघाला, याची चिठ्ठी क्वचितच असते. पेशंटबरोबर जंतूही तालुके ओलांडतो आणि कुणालाच त्याची वर्दी नसते. अँटिबायोटिक दुधाच्या धंद्यातही आहे. संगमनेर-राहुरी पट्ट्यात कासदाह झालेल्या संकरित गायींना अँटिबायोटिक दिलं जातं आणि औषधाचा असर उतरेपर्यंत ते दूध बाजूला काढायचं असतं. तो या पुस्तकाचा मुख्य विषय नाही, पण गोठा आणि वॉर्ड एकमेकांना अनोळखी नाहीत एवढं वाचकाने लक्षात ठेवावं.

पाण्याचं दुखणं नगरकरांना सांगायला नको. पाथर्डी, पारनेर, जामखेडकडे उन्हाळ्यात टँकर लागतात. बेसिनचा नळ कोरडा असेल तर हात धुवा असं सिस्टरला कुठल्या तोंडाने सांगायचं? पण याच जिल्ह्यात एक उत्तरही पडून आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि जिल्हाभर कारखाने झाले. साखरेबरोबर मळी आली, मळीतून अल्कोहोल. वॉर्डात ज्याला सरसकट स्टरिलियम म्हणतात त्या द्रावणाचा जीव अल्कोहोलच. जागतिक आरोग्य संघटनेची कृती सगळ्यांसाठी खुली आहे: दहा लिटरसाठी 96 टक्के इथेनॉल 8333 मिली, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, ग्लिसरीन 145 मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी, आणि वापरण्याआधी तीन दिवस बाटली तशीच ठेवायची. 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत राज्यातल्या कारखान्यांनी सॅनिटायझर करून दाखवलं. करोना ओसरला आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या बाटल्याही रिकाम्या झाल्या. हात मळलेले दिसत असतील तेव्हा साबण-पाणीच हवं, हे खरं. पण बाकी वेळी वीस-तीस सेकंद द्रावण चोळणं पुरतं. ज्या जिल्ह्यात पाणी कमी आणि अल्कोहोल मुबलक, तिथे सिस्टरचे हात कोरडे राहावेत हे मला पटत नाही. आरोग्य आणि सहकार या दोन गोष्टींची सांगड लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालयाच्या रूपाने याच मातीत पूर्वी घातली गेली आहे. ती इथेही घालता येईल.

6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण गेले. सगळा जिल्हा हादरला, चौकशा झाल्या, रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी झाली. ते व्हायलाच हवं होतं. संसर्गाने जाणारे असे एका दिवसात जात नाहीत. एकेक करून जातात, वेगवेगळ्या खाटांवर, आणि दाखल्यावर 'सेप्टिक शॉक' लिहिलं जातं. 2019 या एकाच वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार आणि भारतात जवळपास 3 लाख माणसं थेट दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत भरती झालेल्या शंभर पेशंटमागे सातांना रुग्णालयातच एखादा संसर्ग होतो, आपल्यासारख्या देशांत पंधरांना. त्यातला मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे. करोनाच्या लाटांत आपण व्हेंटिलेटर वाढवले, तालुक्याच्या गावीही आयसीयू झाले. नळ्या वाढल्या, नळ्यांची निगा राखणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. म्हणून हे पुस्तक आत्ता हवं होतं.

त्याचे लेखक निरनिराळ्या कामांतले आहेत: सिस्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, भूल देणारे, औषध दुकानदार, ऑटोक्लेव्ह चालवणारे. मोठ्या शहरातल्या पंचतारांकित हॉस्पिटलसाठी त्यांनी लिहिलेलं नाही. दहा-वीस खाटा, दोन सिस्टर, एक मावशी, जाणारी-येणारी वीज आणि जपून वापरावं लागणारं पाणी अशी जागा डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक सूचना तपासली आहे. जिथे पैसे लागतात तिथे तसं सांगितलं आहे. जिथे फक्त सवय बदलायची आहे तिथे पैशांची सबब चालू दिलेली नाही. लघवीची नळी आज काढता येईल का, हा प्रश्न रोज राऊंडला विचारण्यासाठी खर्च येत नाही. चुका लपवलेल्या नाहीत, पण कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं केलेलं नाही, कारण दोष झाकला जातो तो बहुतेक शिक्षेच्या भीतीने. मराठीत लिहिलं आहे तेही विचार करूनच. फरशी पुसणारीपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना एकच पान वाचता आलं पाहिजे. काही ठिकाणी तज्ज्ञांना ते फार सोपं वाटेल. त्यांनी तेवढं सोसावं.

पुस्तकात काही उणिवा राहिल्या आहेत. घरी सलाईन लावण्याचा प्रकार, डायलिसिस केंद्रं, दातांचे दवाखाने यांवर सविस्तर लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते यावं अशी माझी इच्छा आहे.

आता वाचकांना एक विनंती. तुम्ही वैद्यकीय क्षेत्रातले नसलात तरी कधी ना कधी कुणाच्या तरी खाटेशेजारी बसणार आहात. त्या वेळी पेशंटच्या खाटेवर बसू नका, त्याच्या जखमेला आणि नळीला हात लावू नका, आत येताना आणि बाहेर जाताना हात चोळा. तपासायला कुणी आलं तर नम्रपणे विचारा: सिस्टर, डॉक्टरसाहेब, हात स्वच्छ केले ना? आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, भगिनींनो, कुणी असं विचारलं तर रागावू नका. हो म्हणा, आणि केले नसतील तर त्याच्या देखत करा.